रॉय हारग्रोव्ह: एकच माणूस की चार? ट्रंपेटवाल्यांनी कृपया सांगा

पितळी_आवाज

नमस्कार मंडळी. माझा पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कराडजवळच्या गावचा. आमच्या घरचा बँड आहे, लग्नाचा आणि मिरवणुकीचा. चुलते ट्रंपेट वाजवतात. सातवीत असताना त्यांनीच माझ्या हातात दिलं. आता पुण्यात नोकरी करतो आणि सीझनला सुट्ट्या टाकून गावी वाजवायला जातो. नोटेशन बेताचंच वाचता येतं. कानानं पकडायचं आणि वाजवायचं, ही सवय.

दिवाळीत रूममेटनं एक व्हिडिओ पाठवला. रॉय हारग्रोव्ह नावाच्या अमेरिकन ट्रंपेटवाल्याचं 'स्ट्रासबूर सँ-दनी'. खाली बास आणि पियानोची तीच ती चाल फिरत राहते, वर ट्रंपेट आणि सॅक्सोफोन जोडीनं धून घेऊन येतात. दोन आठवडे दुसरं काही ऐकलं नाही. धून बसवली. मग त्याचं आणखी शोधायला गेलो आणि पुरता गोंधळलो. एका तबकडीत रॅप आहे, गाणारे आहेत, आणि ट्रंपेट मधूनच येऊन जातं. दुसरीत क्यूबाचे ढोल. तिसरीत व्हायोलिनांचा ताफा आणि इतकं हळू वाजवलेलं ट्रंपेट, की पाण्यावर तवंग पसरावा तसं. मला वाटलं एकाच नावाची चार माणसं असतील.

रविवारी पुण्यात ज्या सरांकडे जातो त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जॅझमधला चांगला माणूस होता, पैशासाठी हिप-हॉपवाल्यांत गेला. तू आधी परंपरा शीक, असलं नंतर." सरांबद्दल आदर आहे, पण हे मनाला लागलं. आम्ही एकाच वरातीत अभंग वाजवतो, जुनी लावणी वाजवतो आणि गेल्या महिन्यात आलेलं सिनेमातलं गाणंही वाजवतो. चुलत्यांच्या तोंडी 'परंपरा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ते फक्त म्हणतात, "सूर सोडू नको."

माझे प्रश्न असे. हा माणूस नेमका कुठला? त्याचं ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि तिसरा माझ्यापुरता: तो इतकं हळू कसं वाजवतो? आम्हाला उघड्या रस्त्यावर, जनरेटरच्या आवाजावर मात करून वाजवायची सवय. हळू वाजवायला गेलो की माझा सूर फाटतो, कधी नुसती हवाच येते.

चाळीतला_रेडिओ

धागा आवडला. मी वाजवणारा नाही, ऐकणारा आहे. वय ७१.

तुमच्या सरांशी मी निम्मा सहमत. हारग्रोव्हची ती रॅपवाली तबकडी दोनदा लावली, दोन्ही वेळा अर्ध्यात बंद केली. त्याची 1994 सालची टेनर सॅक्सोफोनवाल्यांबरोबरची तबकडी मिळवा. जॉनी ग्रिफिन, जो हेंडरसन, स्टॅनली टरेंटाइन, ब्रॅनफर्ड मार्सालिस, जोशुआ रेडमन असे एकेक जण त्याच्याबरोबर वाजवतात. पंचविशीही न गाठलेला मुलगा या सगळ्यांसमोर उभा आहे, आणि कुणाची नक्कल करत नाही, कुणाला दबतही नाही. सुरुवात तिथून करा.

पण 'पैशासाठी गेला' हे मला पटत नाही. आपल्याकडचंच पाहा. गोव्यातल्या अल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चोकलेट म्हणत, रात्री मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांबरोबर सिनेमाची गाणी उभी करायचा. 1951 च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. अल्दोण्याचं ट्रंपेट आणि पुणतांब्याची चाल यांची गाठ पडली म्हणून आमच्या चाळीत गणपतीत नाचायला गाणी मिळाली. त्याला कुणी बाटलेला म्हटलं नाही. निदान आमच्या चाळीत तरी नाही.

रात्रपाळी

उशिरा लिहितेय, इथली रात्र आहे. मोठा प्रतिसाद होणार, आधीच सांगते.

मी मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षं जर्सी सिटीत राहते आणि डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. संगीत शिकलेली नाही. घरात नाट्यसंगीत होतं, तेवढाच माझा कान. पण रॉय हारग्रोव्हला मी समोर बसून ऐकलंय, तीन वेळा, आणि त्याच्याबद्दल कुणी 'इकडून तिकडे गेला' असं म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

पितळी, तुझा प्रश्न 'नेमका कुठला' असा आहे, तर आधी गावापासूनच सांगते. जन्म 1969, टेक्ससमधलं वेको. वाढला डॅलसमध्ये. शाळेत असताना रे चार्ल्सच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला डेव्हिड 'फॅटहेड' न्यूमन वाजवायला आला होता, आणि ते ऐकून हा मुलगा पार भारावला. आता रे चार्ल्सचं संगीत आठव. चर्चमधलं गाणं, ब्लूज आणि जॅझ, तिन्ही एकाच ताटात. म्हणजे या मुलानं जी 'परंपरा' पहिल्यांदा जवळून ऐकली तीच मुळात मिसळलेली होती. पुढे तो डॅलसच्या बुकर टी. वॉशिंग्टन कलाशाळेत गेला. 1987 मध्ये नामवंत ट्रंपेटवाला विंटन मार्सालिसनं त्याला ऐकलं आणि दारं उघडली. बॉस्टनचं बर्कली हे संगीताचं कॉलेज, मग न्यूयॉर्क. 1990 मध्ये पहिली तबकडी. 1991 मध्ये सनी रोलिन्ससारख्या बुजुर्ग सॅक्सोफोनवाल्यानं त्याला आपल्या तबकडीत वाजवायला घेतलं आणि एका रचनेला त्याचंच नाव दिलं, 'यंग रॉय'. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा.

त्याच डॅलसच्या शाळेत आणखी एक मुलगी होती, त्याच्याहून दीडेक वर्षांनी लहान: एरिका बडू. हिप-हॉप आणि सोलवाल्यांत जिचं नाव आज आदरानं घेतात ती. आता सांग, तो तिच्या तबकडीत वाजवायला गेला तेव्हा परक्या मुलखात गेला का? ती त्याच्याच पिढीची, त्याच्याच शाळेची. रेडिओवर जे लागायचं ते ऐकत दोघं मोठे झाले.

आता एक वर्ष धर. 2000. त्या एका वर्षात बाहेर आलेल्या तबकड्या बघ. सोल गाणाऱ्या डिअँजेलोची 'व्हूडू', रॅपवाल्या कॉमनची 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट', एरिका बडूची 'मामाज् गन'. तिन्हींत हारग्रोव्हचं ट्रंपेट आहे. आणि त्याच वर्षी त्याची स्वतःची 'मोमेंट टू मोमेंट', व्हायोलिनांच्या ताफ्यासोबत वाजवलेली जुनी प्रेमगीतं. तुला जी पाण्यावरच्या तवंगासारखी वाटली ती बहुधा हीच. तोच माणूस, तीच फुप्फुसं, तेच वर्ष.

'व्हूडू'चं काम झालं ते इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली आठवी गल्ली, रॉक गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्ससाठी बांधलेली वास्तू, 1970 ची. तिथून पश्चिमेला चालत निघालीस की दहाएक मिनिटांत दहाव्या गल्लीत स्मॉल्स लागतं, तळघरातला जॅझचा अड्डा. अगदी तिथेच, सातव्या ॲव्हेन्यूवर, व्हिलेज व्हॅनगार्ड हा जुना जॅझ क्लब. (अरे, 'निघालीस' लिहून गेले, मी स्वतःलाच सांगतेय बहुतेक. निघालास.) हे अंतर मी पायानं मोजलंय. एका टोकाला हिप-हॉपवाल्यांचं नवं संगीत तयार होत होतं, दुसऱ्या टोकाला साठ-सत्तर वर्षांची जॅझची पुण्याई. मधे दहा मिनिटांचा रस्ता आणि काही खाऊची दुकानं. हारग्रोव्ह याच गल्ल्यांत वाजवत राहिला. त्याच्यासाठी ती एकच वस्ती होती.

आता कानाची गोष्ट. 'व्हूडू' लक्ष देऊन ऐकलीस तर कळेल, ड्रम बरोबर ठेक्यावर पडत नाही. किंचित मागे पडतो. जाणूनबुजून. क्वेस्टलव्ह वाजवतोय, आणि चाल अशी ओढत नेतो की आता पडेल की मग असं वाटत राहतं. त्यावर हारग्रोव्हनं ट्रंपेट आणि फ्लुगलहॉर्नचे (ट्रंपेटचाच मऊ आवाजाचा भाऊबंद) थर चढवलेत, एकट्यानं, एकावर एक. 'सेंड इट ऑन' लाव. ते थर ठेक्याला घाई करत नाहीत. दारात उभं राहून आधी आतला अंदाज घ्यावा आणि मग पाऊल टाकावं, तसे येतात. 'स्पॅनिश जॉइंट'ची तर रचनाच डिअँजेलो आणि हारग्रोव्ह या दोघांची आहे.

मग लगेच 'मोमेंट टू मोमेंट'मधलं कुठलंही संथ गाणं लाव. डोळे मिटून. तो सूर कधी लावतो ते बघ. तालाच्या खुणेवर लावत नाही, खूण जाऊ देतो आणि मग लावतो. जॅझमधले जुने गाणारे-वाजवणारे संथ गाण्यात शब्द असाच मागे ओढायचे. म्हणजे डिअँजेलोच्या खोलीत त्यानं नवं काही सोंग घेतलं नाही. जुन्या प्रेमगीतात जो संयम तो शिकला होता तोच तिथे नेला, आणि त्या मुलांना नेमकं तेच हवं होतं. सरांना हे दोन तुकडे एकापाठोपाठ ऐकवून बघ. भांडू नकोस. नुसतं ऐकव.

क्यूबाचंही असंच. 1996 मध्ये तो हवानाला गेला, तिथल्या वादकांबरोबर बसला, आणि 'क्रिसोल' नावाचा बँड केला. चुचो वाल्देस पियानोवर, चांगितो ढोलांवर. 1997 ची 'हबाना', तिला ग्रॅमी मिळालं. स्पॅनिशमध्ये क्रिसोल म्हणजे मूस. सोनार धातू वितळवतो ती. मला हे नाव फार आवडतं.

'हार्ड ग्रूव्ह', म्हणजे तू म्हणतोस ती रॅपवाली, 2003 ची. आर एच फॅक्टर हा त्याचा बँड. कॉमन, क्यू-टिप, एरिका बडू, डिअँजेलो सगळे आहेत. ट्रंपेट मधूनच येतं हे तुझं निरीक्षण अगदी खरं, पण मला तो त्याचा मोठेपणा वाटतो. आपल्या नावाची तबकडी असून त्यानं पुढची खुर्ची दुसऱ्यांना दिली आणि मागे उभं राहून सगळं बांधून ठेवलं. चाळीतला रेडिओ काका, तुमच्याशी भांडणार नाही, ती तबकडी सलग ऐकायला जड आहे हे मलाही मान्य. काही तुकडे उगाच लांबलेत. पण डिअँजेलो गातो ते 'आय'ल स्टे' एकदा रात्री, दिवे मालवून ऐका. एवढी विनंती. 2006 मध्ये त्यानं एकाच वेळी दोन तबकड्या काढल्या, एक साध्या पाच जणांच्या जॅझची आणि एक आर एच फॅक्टरची. त्यातली दुसरी मला कधी भिडली नाही, पहिली आजही लावते.

आता माझं.

स्मॉल्सला पहिल्यांदा गेले ती 2013 ची फेब्रुवारीतली रात्र. तिसरी शिफ्ट संपवून, मशिनं धुऊन बाहेर पडायला साडेदहा झाले होते. माझ्या युनिटमधले एक सिनियर टेक्निशियन, साठीचे, हार्लेममध्ये वाढलेले. ते म्हणाले, चल, आज घरी जाऊन काय करणार आहेस. जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन पकडली, ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरलो. दार असं की ओलांडून पुढे निघून जावं. अरुंद जिना, खाली तळघर, दाटीवाटीच्या खुर्च्या. जिन्यात पाठीवर वाद्यांच्या पेट्या घेतलेली मुलं उभी, वीस-बावीस वर्षांची, मध्यरात्रीनंतरच्या जॅममध्ये, म्हणजे कुणीही येऊन वाजवायच्या बैठकीत, आपला नंबर लागेल म्हणून.

एक वाजून गेला होता. मागे कुजबुज झाली. अंगात सूट, पायात भडक रंगाचे स्नीकर, किरकोळ अंगाचा माणूस भिंतीला टेकून उभा. कुणी त्याचं नाव पुकारलं नाही. तो बराच वेळ नुसता ऐकत होता. एक मुलगा घाबरत घाबरत वाजवत होता, त्याचं संपेपर्यंत ऐकलं. मग फ्लुगलहॉर्न घेऊन पुढे आला आणि एक संथ गाणं सुरू केलं.

मी तिसऱ्या रांगेत. माइक त्याला नकोच होता. सूर यायच्या आधी हवा ऐकू यायची. फूऽ, आणि मग त्या हवेच्या आतून सूर उमलायचा. शेवटचा सूर त्यानं लांबवला, लांबवला, इतका बारीक केला की तो कधी संपला ते कुणालाच कळलं नाही. टाळ्या उशिरा पडल्या. माझे सहकारी हळूच म्हणाले, हे चर्चमधलं आहे. पुढच्याच गाण्यात ड्रमवाल्या मुलानं सरळ हिप-हॉपचा ठेका धरला आणि हारग्रोव्ह मान डोलावत त्यात शिरला. आवाज तोच. तसाच गोल. मला आमच्या घरची आठवण झाली. आजोबा पहाटे भूपाळी म्हणायचे आणि संध्याकाळी रेडिओवरची लावणीही त्याच गळ्यानं गुणगुणायचे. गळा बदलायचा नाही.

2 नोव्हेंबर 2018 ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला. ४९ वर्षांचा. किडनीचा आजार आणि शेवटी हृदय बंद पडलं. बातमीत त्याच्या मॅनेजरनं सांगितलेलं वाचलं, की तो चौदा वर्षं डायलिसिसवर होता.

चौदा वर्षं. मी खुर्चीत बसूनच राहिले. पितळी, हे तुला नीट सांगायला हवं. माझं रोजचं काम आहे हे. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला साधारण चार तास माणूस मशिनला जोडलेला. रक्त बाहेर येतं, गाळलं जातं, परत जातं. अंगात साठलेलं दोन-तीन लिटर पाणी ओढून काढतात. नंतर पायात गोळे येतात, रक्तदाब खाली जातो, घरी जाऊन माणूस आडवा होतो. आणि पाणी मोजून प्यायचं. किती तहान लागली तरी दिवसाला लिटरच्या आसपास, बऱ्याच जणांना त्याहून कमी. माझे पेशंट बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात. ओठ कोरडे, जीभ कोरडी. ट्रंपेटवाल्याच्या ओठाचं काय महत्त्व असतं ते मी तुला काय सांगणार.

म्हणजे 2004 च्या सुमारापासून. तुझं 'स्ट्रासबूर सँ-दनी' 2008 च्या 'इअरफूड' तबकडीतलं. नाव पॅरिसच्या मेट्रो स्टेशनचं. 2009 मध्ये त्यानं बिग बँडची तबकडी केली, वर्षभर गावोगावी फिरायचा, आणि रात्री एक वाजता तळघरात पोरांना ऐकायला यायचा. हे सगळं त्या मशिनच्या वेळापत्रकात बसवून. मी ज्या रात्री ऐकला त्या दिवशी तो सकाळी कुठल्या खुर्चीत बसला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी कामाला गेले तेव्हा सुई लावताना प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होते, एवढं खरं.

तुझा तिसरा प्रश्न वाजवणाऱ्यांसाठी सोडते.

तिसरी_कळ

रात्रपाळी ताई, प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

@पितळी_आवाज, मी मुंबईत ट्रंपेट शिकवतो. तुझा सूर फाटतो याचं कारण बहुतेक करून एकच: जोरात वाजवताना माउथपीस ओठांवर दाबून धरायची सवय. रस्त्यावर त्यानं निभावतं. हळू वाजवताना दाबलेला ओठ थरथरूच शकत नाही, म्हणून नुसती हवा येते. रोज सकाळी, वरातीच्या आधी नव्हे, खालच्या सा पासून सुरू कर. एक सूर, जमेल तितका हळू, श्वास संपेपर्यंत. मग तेवढाच वेळ वाद्य खाली ठेवून विश्रांती. वाजवणं आणि विश्रांती सारखीच. हवा कमी करायची नाही, हवेचा वेग सांभाळायचा. पुष्कळ जण हळू म्हणजे कमी हवा समजतात आणि तिथेच फसतात. आणि वरात संपल्यावर पेटी लगेच बंद करू नकोस. पाच मिनिटं अगदी खालचे, मऊ सूर वाजव, ओठाची सूज उतरते.

ताईंनी ऐकलेला तो 'हवेतून उमललेला' सूर बराचसा फ्लुगलहॉर्नचाही आहे. ट्रंपेटची नळी बराच भाग एकसारख्या जाडीची असते, फ्लुगलहॉर्नची शंकूसारखी रुंदावत जाते, माउथपीसचा कप खोल असतो. तुमच्या बँडात युफोनियम असेल तर त्याचा आवाज आठव, तो याच घराण्यातला. बोटं ट्रंपेटचीच, नव्यानं काही शिकावं लागत नाही.

आणि धून बसवताना आधी गळ्यानं गा. पूर्ण. गाता आली नाही ती जागा वाजवू नको. तुझ्या सरांबद्दल एक: ते पाया पक्का कर म्हणतायत तेवढं ऐक. बाकीचं हारग्रोव्ह स्वतःच सांगेल.

चाळीतला_रेडिओ

ताई, काल रात्री दिवे मालवून 'आय'ल स्टे' ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. शेजारच्या खोलीतून सौ. विचारत आली, हे कुठलं लावलंय. बंद कर म्हणाली नाही. अजून एकदा ऐकून मग लिहितो.

पितळी_आवाज

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

शनिवारी गावी लग्न होतं. वरात साडेअकराला संपली. आम्ही सगळे शाळेच्या पडवीत जेवायला बसलो होतो, तेव्हा चुलत्यांना फोनवर ते व्हायोलिनवालं ऐकवलं. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. ते जेवायचे थांबले. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग विचारलं, "ह्यो श्वास कुठं घेतोय?" आम्ही दोघं बोटं मोडून मोजत बसलो. तिसऱ्यांदा ऐकताना सापडलं. आम्ही ओळ संपली की घेतो. तो ओळ संपायच्या आधीच मधे कुठेतरी चोरून घेतो, म्हणून शेवटच्या सुराला त्याच्याकडे भरपूर हवा असते.

चुलत्यांनी हात धुतले, आपलं ट्रंपेट काढलं, गाव झोपलेलं म्हणून त्याच्या तोंडात खांद्यावरचा पंचा कोंबला, आणि 'रूप पाहता लोचनी' वाजवलं. रोज वाजवतात त्याच्या निम्म्या लयीत. पहिल्या दोन खेपेला फाटलं. तिसऱ्यांदा मधेच श्वास घेतला आणि शेवटचा सूर टिकला. ढोलकीवाला झोपायला निघाला होता, तो परत येऊन बसला. गेली तीस वर्षं त्यांना वाजवताना सगळ्यांनी ऐकलंय, पण असं कुणीच ऐकलं नव्हतं.

सरांना ते दोन तुकडे अजून ऐकवले नाहीत. येत्या रविवारी ऐकवीन.

@तिसरी_कळ, चुलते विचारतायत, जुना फ्लुगलहॉर्न घ्यायचा तर काय बघून घ्यावा? बजेट फार नाही.

तिसरी_कळ

काकांना नमस्कार सांग. जुना घेताना तिन्ही पिस्टन (बोटांखालच्या कळा) दाबून बघा. सुटल्यावर आपोआप आणि सारख्या वेगानं वर यायला हवेत. मग सगळ्या स्लाइड (सरकत्या नळ्या) ओढून बघा, एखादी जाम असेल तर किंमत पाडा. घंटेला, म्हणजे पुढच्या रुंद तोंडाला, छोटा पोचा असला तर चालेल, पिस्टनच्या नळीला असला तर घेऊ नका. आणि माउथपीस फ्लुगलहॉर्नचाच मागून घ्या, ट्रंपेटचा त्यात नीट बसत नाही. मुंबईला येणार असाल तर दोघं या, माझा वाजवून बघा आणि मग ठरवा.

रात्रपाळी

पंचा कोंबून वाजवलेलं कुणी रेकॉर्ड केलं असेल तर पाठव रे. त्या माझ्या सहकाऱ्यांना ऐकवायचंय. ते आता निवृत्त झालेत, पण गुरुवारी युनिटमध्ये चक्कर मारतात.